विचारलेलं आधी म्हणायचं

३ मे

प्रिय मैना,

नीट पोचलो. गाडीत शेजारी बसलेला माणूस रस्ताभर माझ्याशी बोलत होता आणि मी मान डोलवत होतो. उतरताना त्याने माझा हात घट्ट धरला आणि डोळे पुसले. काय सांगितलं त्याने, देव जाणे. मी मात्र फुकटात त्याचा जिवलग झालो.

आता कामाचं. रविवारी तुझी खोटी मुलाखत घेतली ती मला मनापासून पसंत पडली. बाटल्यांच्या कारखान्यात मुकादम होतो तेव्हा नवी पोरं-पोरी मीच निवडायचो. तिथल्या यंत्रांनी माझे कान खाल्ले, डोळे तेवढे सोडले. माणूस कामाचं आहे की नाही हे मला त्याच्या बसण्यावरून कळतं. तू सरळ बसलीस, माझ्या तोंडाकडे बघितलंस, मी विचारलेलं आधी स्पष्ट म्हणून दाखवलंस आणि मग उत्तर दिलंस. 'तुमचा प्रश्न असा की मला हे काम कशाला हवं. तर सांगते.' त्यामुळे गाडी कुठल्या रुळावर आहे ते मला आधीच कळलं आणि तुझ्या ओठांवरचा एक शब्दही निसटला नाही. अशी मुलगी मी पहिल्या फटक्यात घेतली असती. तिथेही अशीच बोल. हळू, तोंड उघडून, समोरच्यावरची नजर न काढता.

अर्जात 'अनुभव' असं जिथे आहे तिथे तू 'काही नाही' लिहिलंस, ते खोड. कागदावर 'काही नाही' कधी लिहू नये, वाचणारा तेच खरं मानतो. तुझ्या आईचा हात धुलाईच्या गरम प्रेसमध्ये सापडल्यापासून घर कोण चालवतंय? तुझ्या मागे मागे फिरणाऱ्या त्या शेपटीला, धाकटीला, शाळेत कोण पोचवतंय? ते लिही. नखं कापून जा. मी नखं बघायचो.

आत्याचं म्हणणं तुझ्या आईने मला सांगितलं. शाळा उघडायच्या आत शेपटीला घेऊन जाते म्हणे, शिकवते म्हणे. तुझ्या गेलेल्या बाबांची सख्खी बहीण, तिला कसं नाही म्हणायचं, असं तुझ्या आईचं चाललंय. पण त्या घरात सासू अंथरुणाला खिळलेली आहे आणि पाणी खालून वर आणावं लागतं. दहा वर्षांची पोर तिथे काय शिकणार हे मला कळतं. ऐकू येत नाही, कळतं. माझे जे काही पैसे येतात ते खोलीच्या भाड्यात आणि औषधात संपतात, नाहीतर मीच दोघींना घेऊन आलो असतो. तुझा एक पगार घरात येऊ दे, म्हणजे तुझ्या आईला नाही म्हणायला तोंड मिळेल.

फोनवर मी नाही. त्यावर अक्षरं टाइप करायलाही सांगू नकोस, माझ्या एका बोटाखाली तिथली चार अक्षरं येतात. जे होईल ते कागदावर कळव.

मामा

---

११ मे

मामा,

माझा पोपट झाला. आधीच सांगून टाकते म्हणजे तुम्ही शेवटच्या ओळीकडे धावणार नाही.

कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानात तिघं बसले होते. मधल्या बाईंनी विचारलं, 'तुझ्याबद्दल काही सांग.' मी तुम्ही शिकवलं तसं त्यांच्याकडे बघून सावकाश म्हटलं, 'तुमचा प्रश्न असा की मी माझ्याबद्दल काही सांगावं.' आणि मग सगळं सांगितलं, आईचा हात, घर, शेपटीची शाळा. बाईंच्या भुवया वर गेल्या त्या खाली आल्याच नाहीत. मग दुसऱ्याने विचारलं, 'तुला ऐकू कमी येतं का?' मी म्हटलं, 'तुमचा प्रश्न असा की मला ऐकू कमी येतं का. नाही, मला चांगलं ऐकू येतं.' तेव्हा तिसऱ्याला खोकला लागला. तो तोंडाला रुमाल लावून बाहेरच गेला.

बाई म्हणाल्या, कळवू. बाहेर आले तर माझ्यानंतरची मुलगी आत गेली आणि हसत परत आली. तिला सोमवारपासून बोलावलंय. ती माझ्याहून लहान आहे आणि तिची नखं वाढलेली होती. नखं कोणी बघितली नाहीत, मामा.

मला वाटतं माझ्या चपला. डाव्या चपलेचा पट्टा मी दोऱ्याने शिवलाय आणि दोरा पांढरा आहे. बसल्यावर तेच सारखं दिसत असणार.

आई काल शर्टाची बटणं लावायचा सराव करत होती. बोटं वळत नाहीत. तिने शर्ट बाजूला ठेवला आणि काही झालंच नाही अशी खिडकी पुसायला लागली. शेपटी विचारत होती, आत्याकडे खिडकी आहे का. तिला हे कुठून कळलं माहीत नाही. आम्ही कोणी बोललो नव्हतो.

पार्सलच्या गोदामात जागा आहे. तिथे जाते. मला भीती वाटते, मामा. तिथेही कळवू म्हणाले तर?

तुमची मैना

---

१५ मे

मैने,

खोकणारा आजारी असेल. त्याचं मनावर घेऊ नकोस.

चपलेचं मात्र खरं असू शकतं. काळा दोरा घे आणि वरून बूटपॉलिशचं बोट फिरव. शिवण झाकली जाते, मी स्वतः केलंय.

आणखी एक मनात आलं. तुला ऐकू येतं का असं त्यांनी विचारलं याचा अर्थ तुझा आवाज बारीक पडला. घाबरलं की माणूस तोंडातल्या तोंडात बोलतं. तेव्हा गोदामात जरा आणखी मोठ्याने आणि आणखी सावकाश बोल. विचारलेलं पूर्ण म्हणून दाखव, अर्धवट नको. गोदामात आवाज असतो, तिथे याची कदरही होईल.

तुमच्यासाठी काही मदत मिळते का बघायला मी कारखान्यात जाऊन आलो. साहेब कामात होते. पुन्हा जाईन. फाटकावरचा माणूस नवीन आहे, त्याने माझं नाव लिहून घेतलं.

शेपटीला सांग, मामाच्या खोलीला खिडकी आहे आणि तिच्यातून धोबिणीचा बोका आत येतो. आत्याच्या घराला खिडकी आहे की नाही ते मला माहीत नाही. दोन गल्ल्या सोडून राहते, पण मी कित्येक वर्षांत गेलेलो नाही. बाई बोलताना ओठ उघडत नाही आणि तोंड भिंतीकडे करते. तिच्याकडे बसणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

धीर सोडू नकोस. मी निवडलेली माणसं वाया गेली नाहीत.

मामा

---

२४ मे

मामा,

गोदामात नाही झालं. दातांच्या दवाखान्यात बाहेर बसून नावं लिहायचं काम होतं, तिथेही नाही झालं. कसं नाही झालं ते विचारू नका.

चपला चांगल्या दिसत होत्या. बूटपॉलिशचा उपयोग झाला.

आत्याचा निरोप आलाय. १० जूनला, शनिवारी येते. शेपटीची एकच पिशवी भरा म्हणाली, जास्त सामान नको.

तुम्ही कारखान्यात पुन्हा जाऊ नका. उन्हात उभं राहावं लागतं. तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला कळलं की त्या दिवशी तुम्हाला फाटकाच्या आत घेतलं नाही.

मैना

---

२७ मे

दादा,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत. सांभाळून घे. मैनेला कळलं की मी तुला लिहिलं तर ती माझ्याशी बोलायची नाही, तेव्हा हे वाच आणि फाडून टाक.

पोरीला नोकरी का मिळत नाही ते तिला कळलंय. दातांच्या डॉक्टरने तिला तोंडावर सांगितलं, 'ही पोपटपंची कशाला? विचारलं तेवढं सांग. माझी चेष्टा करतेस का?' गोदामात तर तिने इतक्या मोठ्याने म्हणून दाखवलं की मागची माणसं काम सोडून बघत राहिली. दादा, लोक असे बोलत नाहीत. आपल्याच घरात बोलतात. तुझे कान गेले तेव्हापासून आपण सगळे तुझ्या समोर बसून आधी विचारलेलं म्हणतो, मग उत्तर देतो, आणि चारचौघांत तुझ्या शेजारी बसणारा बाकीच्यांचं तुला म्हणून दाखवतो. पोरी तर बोलायलाच तशा शिकल्या. आपल्याला ते दिसतच नाही. दुकानदार मला बघून का हसतो ते मला या वयात समजलं.

ती घरी आली आणि मोरीत नळ सोडून बसली. आता आरशासमोर उभी राहते, स्वतःला प्रश्न विचारते आणि हाताने तोंड दाबून धरते. मला म्हणाली, 'मामांना सांगायचं नाही. मामांना कळलं तर ते आपल्याला काही विचारणंच बंद करतील.'

मी आत्याला हो म्हटलंय. तू रागावशील, रागाव. धुलाईवाल्यांनी माझ्या जागी दुसरी बाई घेतली, घरमालक भाड्यासाठी रोज दारात उभा राहतो आणि दोन पोरींपैकी एकीच्या ताटात तरी नीट पडेल एवढंच मला दिसतं. दगडापेक्षा वीट मऊ. शेपटी रात्री माझा हा वाकडा हात उशाला घेऊन झोपते. मी तो काढून घेत नाही.

तुला दोष देत नाही, दादा. तू पोरीला मनापासून शिकवलंस. पण आता काहीतरी कर.

तुझी बहीण

---

३० मे

मैने,

काल बाजारात कारखान्यातला एक जुना मित्र भेटला. त्याचा मुलगा हल्ली मोठ्या जागी मुलाखती घेतो. त्याने सांगितलेलं तुला कळवतो, कारण माझं ज्ञान जुनं झालं.

हल्ली विचारलेलं म्हणून दाखवत नाहीत. प्रश्न आला की सरळ उत्तर द्यायचं. फार तोंड उघडायचं नाही, सारखं समोरच्याच्या ओठांकडे बघायचं नाही. पूर्वी चालायचं, आता पद्धत बदलली. तेव्हा ते सोड.

आणि सवय मोडायची तर सगळीकडेच मोडायला हवी. एका तोंडाला दोन चाली लागत नाहीत. रविवारी मी येतोय. माझ्याशीही सरळ बोल, जसं जगाशी बोलतात तसं. शेपटीलाही सांग. माझी काळजी करू नकोस, माझे डोळे तेज आहेत, मला सगळं कळेल.

मामा

---

५ जून

मामा,

तुमचा तो जुना मित्र डाव्या हाताने लिहितो का हो?

मी आईवर रागावलेले नाही. तुमच्यावर रागावलेय. काल दिवसभर तुम्ही आमच्यात बसलात आणि आम्ही तुम्ही सांगितलं तसं बोललो. मी सांगितलं, दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जागा आहे, शुक्रवारी बोलावलंय. तुम्ही हसून म्हणालात, 'छान, छान.' मग मी सांगितलं, शनिवारी आत्या शेपटीला न्यायला येणार. तुम्ही तसंच हसून म्हणालात, 'छान, छान.' आई उठून आत गेली. तुम्ही तिला विचारलंत, चहा टाकतेस का.

शेपटी तुमच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणून दाखवायला लागली होती. मीच तिला दटावलं. तिने हात काढून घेतला आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलात.

खरं सांगा, तुम्हाला काही कळलं का? एक शब्द तरी? गाडीतल्या त्या माणसाला जसं केलंत तसंच आम्हाला केलंत. मी नोकरीसाठी तोंड बंद करीन, पण आम्ही गाडीतली माणसं असल्यासारखे तुम्ही समोर हसत बसलेले मला पुन्हा बघवणार नाही.

शुक्रवारची ही शेवटची जागा आहे. यानंतर अर्ज करायला माझ्याकडे कुठलं दार उरलेलं नाही. आईने पिशवी काढून ठेवली आहे. शेपटीने तिच्यात आधी पट्टी आणि खोडरबर टाकलं, कारण ती शिकायला चाललीये.

मैना

---

९ जून

मामा,

हे पत्र गाडीवाल्याच्या हातात देतेय, म्हणजे उद्याच मिळेल. अक्षर वाईट आहे, घाईत लिहितेय.

दवाखान्याचं स्वयंपाकघर तळघरात आहे. लांबलचक स्टीलचं टेबल, त्यावर ताटांची रांग, प्रत्येक ताटावर चिठ्ठी. एकजण चिठ्ठी वाचतो, दुसरा ताट भरतो. मोठ्या बाई म्हणून ज्या आहेत त्यांनी मला तिथेच उभ्या उभ्या विचारलं, 'पहाटे यायला जमेल का?' मी तोंडाला कुलूप लावून गेले होते. म्हणून दाखवायचं नाही, म्हणून दाखवायचं नाही, हेच डोक्यात. आणि मामा, उत्तर येईना. पहिलं वाक्य गाळलं तर दुसरं कुठून सुरू करायचं तेच मला येत नाही. मी त्यांच्याकडे बघत नुसती उभी राहिले. बाई म्हणाल्या, 'अगं बोल की, मला भात उतरवायचा आहे.'

गेली हीही, असं वाटलं. मग म्हटलं आता काय राहिलंय, आणि सगळं सांगून टाकलं. माझे मामा बहिरे आहेत, आमच्या घरात विचारलेलं आधी म्हणायचं आणि मग उत्तर द्यायचं, याच्यापायी माझ्या तीन नोकऱ्या गेल्या, मी चेष्टा करत नाही, मला दुसऱ्या तऱ्हेने बोलता येत नाही. बाईंनी हातातला झारा खाली ठेवला आणि एक चिठ्ठी वाचली, 'खाट सात, बिनमिठाचं, पातळ.' माझ्या तोंडून आपोआप गेलं, 'खाट सात, बिनमिठाचं, पातळ.' त्यांनी आणखी एक वाचली, आणखी एक. मी म्हणत गेले आणि ताटं भरत गेले.

बाई रांगेतल्या बाकीच्यांकडे वळल्या. 'मी वर्षभर घसा कोरडा करतेय, ऐकलेलं एकदा तोंडाने म्हणा आणि मग ताटाला हात लावा. तुम्हाला लाज वाटते. मागे एका म्हाताऱ्याला दुसऱ्याचं खारट ताट गेलं तेव्हा कोणाला लाज वाटली नाही.' मग मला म्हणाल्या, 'उद्या पहाटेपासून ये. महिनाभर बघू.'

मी धावत घरी आले. जिन्यातूनच ओरडले, शेपटे, मिळाली. दाराशी तिच्या चपला नव्हत्या.

आत्या एक दिवस आधीच येऊन तिला घेऊन गेली होती. गाडी मिळाली म्हणाली. आई म्हणते, मी कुठल्या तोंडाने थांबा म्हणणार होते, नोकरी लागणार हे कोणाला ठाऊक होतं? आईने लगेच शेजारून फोन केला. आत्या म्हणाली, 'आता आणलंय, तर राहू दे. नवी नोकरी टिकते का ते बघा आधी. दिवाळखोरांच्या घरी मी पोर परत पाठवणार नाही.' आणि फोन ठेवला. आई मानेने नाही नाही करत पलंगावर बसून आहे. तिच्या हाताने दार उघडत नाही, ती एकटी गाडीत कशी चढणार?

मी तिला आणायला गेले तर उद्या पहाटे मी तिथे नसेन आणि ही नोकरी गेली. नोकरी गेली तर तिला आणून काय खायला घालू? आणि गेले नाही तर ती तिथे पाणी चढवतेय. काय करू, मामा? तुम्ही दोन गल्ल्यांवर आहात. पण आत्याचं तुम्हाला एक अक्षर कळणार नाही, ती तुम्हाला उंबऱ्यावरून हसून परत पाठवेल, हे मला माहीत आहे. तुम्हाला जा असं मी म्हणत नाही. दुसऱ्या कोणाला लिहावं ते मला सुचत नाही.

मैना

---

१२ जून, सकाळी

मैने,

हे मी तुमच्याच घरात बसून लिहितोय. रात्रीच्या गाडीने आम्ही पोचलो तेव्हा तू पाळीवर गेली होतीस. शेपटी तुझ्या आईला चिकटून झोपली आहे, दोघींना उठवलं नाही. तू आलीस की तिघी एकदम बोलाल आणि मला काही कळणार नाही, म्हणून आधी लिहून ठेवतो.

तुझं पत्र मला शनिवारी दुपारी मिळालं. खरं सांगतो, मी लगेच उठलो नाही. खुर्चीत बसून राहिलो. बहिरा माणूस भांडायला जातो म्हणजे काय होतं ते मला कारखान्याच्या फाटकावर कळून चुकलं होतं. तिथल्या पोराने मला काही विचारलं, मी मान डोलवली, आणि तो माझ्या तोंडावर हसला. रात्रभर तेच डोक्यात होतं. रविवारी सकाळी धोबिणीचा बोका खिडकीतून आला आणि मला तुझ्या बहिणीला कळवलेली ती खिडकी आठवली. मग गेलो.

शेपटी जिन्यातच भेटली. बादली दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी चढत होती, फ्रॉक भिजलेला. मला बघून तिने बादली तिथेच ठेवली. हसली नाही, रडली नाही. माझं बोट धरून मला वर घेऊन गेली.

खोलीत तुझी आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पलीकडे पलंगावर तिची सासू, उशांना टेकून. मी म्हटलं, पोरीला न्यायला आलोय, मैनेला नोकरी लागली. आत्याने मान वर केली आणि पुन्हा भिंतीकडे वळून काहीतरी बोलायला लागली. ओठ मिटलेलेच. मला फक्त तिची पाठ हलताना दिसत होती. मला माझी मान डोलायला लागल्याचं जाणवलं, जुनी खोड.

तेवढ्यात शेपटी माझ्या आणि तिच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिने माझ्या पोटावर हात ठेवला, तोंड वर केलं आणि सावकाश, मोठं तोंड उघडून म्हणून दाखवायला लागली.

"'तुमचा इथे संबंध काय', असं आत्या म्हणते."

मी म्हटलं, मी तिचा मामा.

"'बहिऱ्याला कोणी पाठवलं? त्यांच्यात एकही धड माणूस नाही का', असं आत्या म्हणते."

मी म्हटलं, नाही, मीच आहे.

आत्या गर्रकन वळली. तेव्हा मलाही दिसलं, ती पोरीला दटावत होती. शेपटीने तेही इमानदारीने म्हणून दाखवलं. "'तू गप्प बस', असं मला म्हणते." आणि गप्प बसली नाही. मैने, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उद्धटपणा नव्हता. मामा आलाय आणि मामाला ऐकू येत नाही, एवढंच तिला माहीत होतं. आत्या बोलत गेली आणि पोर म्हणत गेली.

"'आईला हात नाही, बहिणीला अक्कल नाही. या पोरीला नेलंत तर माझ्या सासूला उचलायचं कोणी? पाणी कोणी भरायचं? मी काय हिला शिकवायला आणलीये का', असं आत्या म्हणते."

ते बोलून आत्याचा हात तोंडाकडे गेला. पलंगावरची म्हातारी उशांवरून पुढे झाली होती. तिचेही ओठ हलले. शेपटीने वळून तिचं नीट ऐकलं आणि मग माझ्याकडे तोंड केलं.

"'ही एवढीशी पोर मला उचलायला आणलीस? मला तर म्हणालीस भावाची लेक शिकायला आणली', असं आजी म्हणते."

मग मी वाट बघितली. शेपटीही वाट बघत होती, तोंड अर्धवट उघडून. आत्याच्या हातातली घडी तशीच लटकत होती. मी शेपटीला विचारलं, आता आत्या काय म्हणते?

तिने आत्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाली, "आत्या काही म्हणत नाही."

मी दारामागची पिशवी उचलली. जिन्यात ती बादली तशीच होती. शेपटीने ती वर नेऊन म्हातारीच्या पलंगाशी ठेवली आणि मग आली. तुझी बहीण आहे, दुसरं काय करणार.

परत येताना गाडीत शेजारी एक बाई होत्या. त्या काही बोलल्या तर शेपटीने मला म्हणून दाखवलं. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं होतं. मी शेकायला सांगितलं.

आता त्या रविवारचं. तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं. मला एक शब्द कळला नव्हता. घरी जाऊन तुझं पत्र वाचलं तेव्हा समजलं की मी कशाला छान म्हणालो. ती 'छान, छान' मला मरेपर्यंत पुरेल. म्हणून सांगतो, दुसऱ्या कुठे जाशील तेव्हा जगासारखी बोल, तेही शिकून घे, ते यायला हवं. माझ्याशी मात्र पुन्हा तसं बोलू नकोस.

तुझ्या आईने चहा कुठे ठेवलाय ते सापडत नाही. तू येईपर्यंत मी इथेच आहे. आलीस की समोर बस आणि पहिल्या चिठ्ठीपासून सगळी ताटं मला म्हणून दाखव.

मामा